पोटातले इंजिन पाठीवर

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला, माशांच्या विणीचा हंगाम, आणि नौका वाळूवर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. मच्छीमाराला मात्र या दोन महिन्यांत सुट्टी नसते. फाटकी जाळी तुणायची, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, बुडाला रंग द्यायचा आणि इंजिन उघडायचे. रिंगा झिजल्यात का, नोझल टपकतेय का, शाफ्ट वाकलाय का, हे सगळे नारळी पौर्णिमेच्या आत कळायला हवे.

दरवर्षी काही मालकांना या तपासणीत नको ते उत्तर मिळते. एक-दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यावर थंड होत आलेले असते. त्याच्या आतल्या वाटा क्षाराने आणि गंजाने अरुंद झालेल्या असतात, ब्लॉकला चीर गेलेली असते, आणि फिटर काही न बोलता नुसती मान हलवतो. मग तीन वाटा उरतात. आहे तेच पुन्हा बांधून घ्यायचे, तशाच जातीचे नवे डिझेल आणायचे, नाहीतर ते सगळे लोखंड बाहेर काढून मागच्या फळीवर आऊटबोर्ड अडकवायचे. यातली तिसरी वाट दिसायला सर्वांत सोपी आहे आणि फसायलाही.

इनबोर्ड म्हणजे नौकेच्या पोटात पाटावर बोल्टने आवळलेले इंजिन. त्यातून निघालेला पोलादी शाफ्ट बूड भेदून पाण्यात उतरतो, टोकाला पंखा असतो, आणि पंख्यामागे वेगळे सुकाणू. आऊटबोर्डमध्ये इंजिन, गिअर, पंखा आणि सुकाणू हे सगळे एका उभ्या नगात मावते. दोन क्लॅम्प आवळले की बसले, हँडल हातात धरले की वळले, संध्याकाळी खांद्यावर टाकले की घरी. इतक्या सुटसुटीत वस्तूची भुरळ पडली नाही तर नवल. पण इंजिनाची जागा बदलली की नौकेचा तोल बदलतो, ती किती उथळ पाण्यात शिरते ते बदलते, दिवसाला किती तेल पिते ते बदलते, आणि ते तेल कोणत्या पंपावर, कोणत्या सवलतीने मिळते तेही बदलते.

डिझेल नौकेच्या पोटात शिरले त्याला आता सत्तरेक वर्षे झाली. त्याआधी कोकणचा मच्छीमार शिडावर आणि वल्ह्यांवर चालत होता. वारा पडला की मासळी वाटेतच नासायची, बर्फही दुर्मीळ होता. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्यात लाकडी नौकांना इंजिने बसू लागली, आणि आजच्या पालघर जिल्ह्यातले सातपाटी हे गाव त्यात आघाडीवर राहिले. तिथल्या सहकारी संस्थांमुळे कर्ज, तेल, बर्फ आणि विक्री यांची साखळी उभी राहिली. एकट्या कोळ्याला इंजिनाचा खर्च झेपला नसता. पुढे मोठ्या नौकांत अशोक लेलँडचे सहा सिलिंडरी इंजिन आले, ट्रकच्या इंजिनाचे सागरी भावंडच ते. हाच मोजमापाचा धागा सरकारी कागदांतही दिसतो. महाराष्ट्रात नौकांची प्रतवारी आजही सिलिंडरवर होते: एक-दोन सिलिंडरवाल्या, तीन सिलिंडरवाल्या, सहा सिलिंडरवाल्या.

केरळात याच सुमारास वेगळा प्रयोग चालू होता. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात १९५२ साली करार झाला आणि कोल्लमजवळच्या नींदकरा भागात नॉर्वेची मदत येऊन पोहोचली. पहिली कल्पना अशी, की गावातल्या होड्यांतच इंजिने बसवावीत. ती जमली नाही. एका ओंडक्यातून कोरलेल्या किंवा काथ्याने शिवलेल्या होडीला डिझेलचे हादरे सोसेनात. शेवटी इंजिनासाठी नव्याच बोटी बांधाव्या लागल्या आणि त्यांनी कोळंबीच्या ट्रॉलिंगचा रस्ता धरला. होडी आधी की इंजिन आधी, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

गंमत म्हणजे आऊटबोर्ड लोकांच्या हाती देणारा माणूसही मूळचा नॉर्वेचाच. ओले एव्हिनरूड १८७७ साली नॉर्वेत जन्मला, लहानपणीच अमेरिकेत गेला आणि मिलवॉकी शहरात यंत्रकामात रमला. असे इंजिन अमेरिकेत त्याच्या आधीही विकले गेले होते, पण १९०९ साली त्याने बाजारात आणलेले दीड अश्वशक्तीचे इंजिन टिकाऊ होते आणि एकट्या माणसाला उचलता येत होते. जपानच्या यामाहाने पहिले आऊटबोर्ड १९६० साली काढले. पुढे जगभरच्या गरीब मच्छीमारांच्या होड्यांवर अमेरिकन इंजिनांपेक्षा यामाहा आणि सुझुकी हीच नावे जास्त दिसू लागली. एव्हिनरूडचे उत्पादन तर २०२० साली बंदच झाले.

भारतात आऊटबोर्डची खरी लाट १९८०नंतर आली, तीही केरळातून. ट्रॉलर किनाऱ्यालगत घासून मासळी नेऊ लागले आणि वल्ह्याच्या होडीला लांब जाणे भाग पडले. गोव्यात याच भांडणाने १९७०च्या दशकात रापणकारांचे आंदोलन उभे केले होते. माथानी साल्ढाणा त्याचे एक नेते. १९८० साली गोवा, दमण आणि दीवसाठी सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, तर महाराष्ट्राचा कायदा १९८१चा. कायद्याने ट्रॉलरला रेषा आखून दिली, पण ती रेषा पाण्यावर कोणाला दिसते? रापणीचे मोठे जाळे ओढणारी मंडळी हळूहळू पांगली, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी उलांडीच्या होडीला आऊटबोर्ड लावून तरंगती जाळी टाकायला सुरुवात केली.

केरळ-गोव्याच्या या होड्या वल्ह्यावरून थेट आऊटबोर्डवर आल्या होत्या. त्यांच्या पोटात काढून टाकायला काही नव्हतेच. कोकणातल्या छोट्या डिझेल नौकेचे दुखणे वेगळे आहे.

ते दुखणे समजायला खाडीच्या मुखाशी उभे राहावे लागते. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने लोटलेली वाळू मुखाशी साठते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, मुंबईत वर्सोव्याला, गाळाची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. पंचवीस फुटी डिझेल नौकेचा पंखा कण्याखाली असतो, त्यामुळे तिला अडीच-तीन फूट पाणी लागतेच. सुकती लागली की ती बाहेर अडकते आणि भरतीची वाट बघत बसते. भांगाच्या दिवसांत भरतीही बेताचीच. इकडे लिलाव संपून जातो. दापोली तालुक्यात हर्णैला तर मोठ्या नौका बाहेरच नांगरतात आणि त्यांची मासळी छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून वाळूवर येते. आऊटबोर्डवाल्याला ही अडचण कमी. पाणी उथळ झाले की तो इंजिन मागे कलवून पंखा वर घेतो, वल्ह्याने किंवा बांबूने उरलेले अंतर कापतो आणि वाळूला लागतो.

दुसरे सुख जाळ्याचे. पंख्यात जाळे किंवा दोर गुंतला की डिझेलवाल्याला सुरी दातात धरून नौकेखाली बुडी मारावी लागते, आणि लाटेत नौका डोक्यावर आदळण्याची भीती असते. आऊटबोर्ड वर कलवले की तेच काम कोरड्यात, बसल्या जागी होते. तिसरे सुख जागेचे. पोटातले इंजिन आणि त्याची लाकडी पेटी गेली की मधली सहा-सात फूट जागा मोकळी होते, बर्फाची पेटी तिथे बसते. चौथे म्हणजे दुरुस्ती. डिझेल बिघडले की फिटर नौकेवर येतो, आऊटबोर्ड बिघडले तर ते टेम्पोत घालून फिटरकडे नेता येते.

आता शस्त्रक्रिया. इंजिन काढणे हा त्यातला सोपा भाग. माडाच्या तीन ओंडक्यांची तिकटी, चेन-पुली आणि चार माणसे पुरतात. खरी कटकट शाफ्टच्या भोकाची असते. शाफ्ट ज्या नळीतून बाहेर पडतो तिच्या आतल्या टोकाला ग्लँड असते, आणि तिच्यात ग्रीस माखलेला दोर ठासलेला असतो. तो झिजला की पाणी थेंबथेंब आत येते, आणि प्रत्येक डिझेलवाला सकाळी नौकेत शिरताच आधी तिकडे बघतो. नळी काढल्यावर ते भोक नुसते बुजवून भागत नाही. चांगला मेस्त्री त्या जागी मुरलेल्या लाकडाचा गुल्ला बसवतो, आतून-बाहेरून तुकडा जोडतो, वरून फायबरचे थर चढवतो. भोक कण्याच्या लाकडातून गेलेले असेल तर तिथे आधीच कुजण्याची शक्यता मोठी. पोखरलेले लाकूड निघाले की एका दिवसाचे काम आठवड्यावर जाते. सुकाणू मात्र काढून फेकू नये. आऊटबोर्ड फिरत्या पंख्याच्या जोरावरच नौका वळवते, इंजिन बंद पडले की वळवण्याचे साधनच उरत नाही. जुने सुकाणू जागेवर असेल तर शीड किंवा वल्ही यांच्या आधाराने तरी दिशा राखता येते.

मग येते मागची फळी. कोकणातल्या पुष्कळ जुन्या नौका दोन्ही टोकांना निमुळत्या. लाट मागून आली तरी ती फाटते, म्हणून ही घडण चांगली, पण आऊटबोर्ड अडकवायला तिच्यात सपाट जागा नाही. काही जण मागचे टोक कापून तिथे आडवी फळी बसवतात. काही जण बाजूला भक्कम दांडा बांधून इंजिन एका अंगाला टांगतात. हे दुसरे स्वस्त पडते, पण नौका सतत एका बाजूला ओढ घेते आणि लाटेत पंखा वारंवार हवेत येतो. फळी नव्याने बसवायची तर तिची उंची इंजिनाच्या शाफ्टशी जुळायला हवी. आखूड शाफ्टला पंधरा इंच, लांब शाफ्टला वीस, त्याहून लांबला पंचवीस. पंख्याच्या वर एक आडवी पाती असते; ती नौकेच्या बुडाच्या पातळीत किंवा किंचित खाली आली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसते किंचाळते. फार खाली गेली तर ओढ वाढते आणि लाटेचे पाणी इंजिनाच्या डोक्यावर येते. फळी आणि तिला आतून धरणारे कोन यांवर पंख्याचा सगळा रेटा येतो, म्हणून नुसत्या खिळ्यांवर हे काम करणाऱ्या मेस्त्रीला लांबूनच नमस्कार करावा.

तोलाचा विचार बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात, आणि तिथेच चुकतात. जुने डिझेल, गिअर, शाफ्ट, पाट धरून दीड-दोनशे किलोंच्या वर वजन नौकेच्या मध्यावर, अगदी तळाशी होते. नकळत ते भार म्हणून काम करत होते. ते काढून चाळीस ते शंभर किलोंचे इंजिन मागच्या कडेवर, उंचावर टांगले की नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उठते, मागचा भाग बसतो आणि नौका आडव्या लाटेत पूर्वीपेक्षा चपळ डुलते. तेलाची टाकी आणि बर्फ पुढे सरकवून, तळाशी वाळूची पोती ठेवून हे सावरता येते. पण मग हलकेपणाचा जो फायदा सांगितला जातो तो पोत्यांत जातो.

आणि वेग? इथे विक्रेते आणि ग्राहक दोघांचाही हिशोब चुकतो. जड, खोल बुडाची नौका पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही. तिच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. पाण्यालगतच्या लांबीचे, फुटांतले, वर्गमूळ काढून १.३४ने गुणले की नॉटमध्ये तो वेग येतो. लांबी पंचवीस फूट असेल तर ६.७ नॉट, म्हणजे ताशी साधारण बारा-साडेबारा किलोमीटर. एवढ्या वेगाला तीन टनी नौकेला दहा-पंधरा अश्वशक्ती पुरते. चाळीस लावली तरी मागची लाट मोठी होते, वेग फारसा वाढत नाही. उपसा करायला विहिरीत पाणी नसताना मोठा पंप बसवल्यासारखे हे आहे. हलक्या, सपाट बुडाच्या नव्या फायबर नौकेची गोष्ट निराळी; ती चाळीस अश्वशक्तीवर पाण्यावर उचलली जाते आणि तासाभराचा प्रवास वीस मिनिटांत संपवते.

पंख्याचाही फरक आहे. डिझेलचा पंखा मोठा आणि संथ, आऊटबोर्डचा लहान आणि वेगाने फिरणारा. जड ओझे हळू ओढायला मोठा संथ पंखा सरस. म्हणून कंपन्या जास्त रेट्याची, वेगळ्या गिअरची आऊटबोर्डही बनवतात. जुन्या लाकडी नौकेसाठी घ्यायचेच तर तसले घ्यावे, आणि त्याचा पंखा कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, असावा.

तेलाचा हिशोब सर्वांत बोचरा. डिझेल इंजिन दर अश्वशक्तीला तासाला साधारण पाव लिटर तेल घेते. जुन्या धाटणीचे टू-स्ट्रोक पेट्रोल आऊटबोर्ड त्याच्या दुप्पट, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास. फोर-स्ट्रोक दोहोंच्या मधले, सुमारे ०.३५ लिटर. एखादी नौका दिवसात सहा तास दहा अश्वशक्ती वापरत असेल, तर डिझेलला पंधरा लिटर, फोर-स्ट्रोकला एकवीस आणि टू-स्ट्रोकला तीस लिटर. त्यात पेट्रोल लिटरमागे डिझेलपेक्षा महाग. त्यावर कडी म्हणजे, महाराष्ट्रात मच्छीमार संस्थांमार्फत मिळणारी मूल्यवर्धित कराची परतफेड ही डिझेलवरची आहे. इंजिन बदलणारा नाखवा ती सवलत स्वतःच्या हाताने सोडतो. केरोसीनवर चालणारी आऊटबोर्डही आहेत: पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की केरोसीनवर न्यायचे, बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचे. पण स्वस्त केरोसीन आता दुर्मीळ झाले आहे. ज्या केरळने या इंजिनांवर भिस्त ठेवली तिथेच गॅसवर आणि पेट्रोलवर इंजिने नेण्याचे प्रयत्न चालू झाले.

सरळ सांगायचे तर, रोज लांब जाऊन संथपणे जाळे ओढणाऱ्या, बर्फ आणि माणसांनी भरलेल्या लाकडी नौकेला आऊटबोर्ड परवडत नाही. डोल जाळ्यांच्या मोठ्या नौकांचा तर विचारच नको. जी नौका खाडीतून पहाटे निघून सकाळच्या लिलावाला परत येते, दोन-तीन माणसांवर चालते, वाळूला लागते आणि दिवसात तासभरही इंजिनावर नसते, तिच्यासाठी हा बदल शहाणपणाचा आहे. सिलिंडरच्या प्रतवारीत दोघींची नावे एकाच यादीत असतात, म्हणून सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो.

खर्च कमी करण्याचा एक उपाय कोणत्याही इंजिनाला लागू पडतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. पंख्याचे फेरे वीस टक्क्यांनी कमी केले की लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते. अन्न आणि कृषी संघटनेच्या बंगालच्या उपसागराच्या कार्यक्रमात काम केलेले नौकातज्ज्ञ ओयविंद गुलब्रान्सन, हेही नॉर्वेचेच, छोट्या मच्छीमारांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत हाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडतात. लिलावाला आधी पोहोचण्याच्या शर्यतीत तो पाळणे अवघड, हे मान्य.

याच कार्यक्रमाने पूर्व किनाऱ्यावर एक मधली वाटही शोधली होती. त्यांनी वाळूवर उतरणाऱ्या नौकांसाठी डिझेल इंजिन आणि शाफ्ट एकत्र वर उचलता येईल अशी जोडणी केली आणि तिला बॉब ड्राइव्ह म्हटले. डिझेलची काटकसर राहिली आणि किनारा आला की पंखा वर. तमिळ किनाऱ्यावर लाँग-टेलही रुळले: छोटे डिझेल इंजिन मागच्या बाजूला फिरत्या खिळ्यावर, आणि त्याला लांबलचक शाफ्ट, टोकाला पंखा. दिसायला ओबडधोबड, आवाज कान फाडणारा; पण शेतातल्या पंपाचे इंजिन दुरुस्त करणारा कोणताही मेकॅनिक ते दुरुस्त करतो.

आऊटबोर्ड घेतलेच तर त्याची निगा डिझेलपेक्षा नाजूक. समुद्रातून परतल्यावर गोड्या पाण्याच्या टाकीत ते काही मिनिटे चालवायचे, म्हणजे आतले मीठ धुऊन निघते. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार बाहेर पडत असते. ती थांबली की इंजिन ताबडतोब बंद करायचे. प्लास्टिकची पिशवी खालच्या जाळीला चिकटलेली असते, नाहीतर आतल्या रबरी चक्राची पाती तुटलेली असतात. जस्ताचा एक तुकडा इंजिनाच्या पायाला लावलेला असतो, तो समुद्राला स्वतःला खाऊ देतो आणि ॲल्युमिनियम वाचवतो. त्यावर रंग मारणारे हौशी लोक त्याचे कामच बंद पाडतात. पेट्रोलची टाकी बंद डेकखाली ठेवू नये. डिझेलची वाफ सहसा पेटत नाही, पेट्रोलची एका ठिणगीने पेटते.

आणि कागद. नौकेच्या नोंदणीत इंजिनाची जात, शक्ती आणि क्रमांक असतो, तो बदलून घ्यावा लागतो. देशभरच्या नोंदणी क्रमांकांत पोटात इंजिन असलेल्या यांत्रिक नौकांना ‘एमएम’ आणि मोटार लावलेल्या पारंपरिक होड्यांना ‘एमओ’ अशी अक्षरे आहेत. विमा आणि डिझेलचा कोटा या नोंदीवर अवलंबून. जुन्या इंजिनाच्या कागदावर नवे इंजिन चालवले तर अपघातानंतर विम्याचा कारकून ते सर्वांत आधी शोधतो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तेलंगणातल्या आदिलाबादकडे, हेच यंत्र उलट्या दिशेने येते. मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलणाऱ्या या सीमेवरच्या जिल्ह्यात पैनगंगा वाहते. सातनाला, मत्तडिवागु यांसारखे जलाशय आहेत, आणि महाराष्ट्र-तेलंगणच्या २०१६च्या करारात आलेला चनाखा-कोराटा बंधाराही इथलाच. तेलंगण सरकार २०१६-१७पासून मच्छीमार सोसायट्यांना पूर्ण अनुदानावर मत्स्यबीज देते. रोहू, कटला, मृगळ. पण मासा पकडायला जाणारा माणूस थर्माकोलच्या तराफ्यावर, ट्यूबवर किंवा वल्ह्याच्या नावेवर असतो. इथल्या नावेच्या पोटात इंजिन कधी नव्हतेच. लोकांनी आऊटबोर्ड पाहिलेय ते पुरात, बचाव पथकाच्या रबरी बोटीला लावलेले, पंचवीस-चाळीस अश्वशक्तीचे.

तेच डोळ्यांसमोर ठेवून कोणी मच्छीमारीसाठी चाळीस अश्वशक्ती मागायला निघाला तर तो फसेल. जलाशयात जाळे संध्याकाळी लावायचे आणि पहाटे उचलायचे, जाण्यायेण्याचे अंतर दोन-चार किलोमीटर, नाव सोळा-अठरा फुटांची. तिला दोन ते पाच अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक पुरते. टू-स्ट्रोक इथे नकोच: त्याचे बरेचसे तेल न जळताच पाण्यात सुटते, आणि तेलंगणात मिशन भगीरथचे नळाचे पाणी जलाशयांतूनच उचलले जाते. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे उन्हाळ्यात पाण्याच्या पातळीजवळ येतात. पंख्याच्या शाफ्टमध्ये एक मऊ धातूची पिन असते, बुंध्याला धक्का बसला की ती तुटते आणि गिअर वाचतो. तशा दोन पिना आणि पाना नावेतच असलेले बरे, कारण तिथे हाक मारायला जेटी नसते. बंधाऱ्याच्या दारांजवळ इंजिन बंद पडले तर ओढ कुठे नेईल हे सांगायला नको. वल्हे आणि लाइफ जॅकेट इंजिन आल्यावरही नावेतच राहावीत.

स्वस्त फायबर नावांची मागची फळी बहुधा पातळ असते, ती फक्त वल्ह्याच्या हिशोबाने घडवलेली. इंजिनाचा हप्ता ठरवण्याआधी ती आतून लाकडाने आणि फायबरच्या थरांनी जाड करून घ्यावी, आणि इंजिन क्लॅम्पबरोबर साखळीनेही नावेला बांधावे. क्लॅम्प हादऱ्याने ढिले होतात, आणि चाळीस फूट पाण्यात पडलेले आऊटबोर्ड परत काढणे नवे घेण्याइतकेच महाग पडते.